पंप बंद असताना

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास तिसऱ्या मजल्यावरच्या डाव्या हाताच्या घरातून सहा वर्षांच्या एका मुलाला चादरीत गुंडाळून खाली आणलं. आणणारा त्याचा सावत्र बाप होता. त्याने रुग्णवाहिकेची वाट पाहिली नाही. सामान पोचवायच्या आपल्या गाडीत, मागच्या खोक्यांच्या शेजारी त्याने मुलाला ठेवलं आणि इस्पितळात नेलं. मूल इथे आणण्याच्या बऱ्याच आधी गेलेलं आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. बाप म्हणाला, बाथरूममध्ये पाय घसरून पडला. डॉक्टरांनी मुलाचा सदरा वर केला, परत नीट खाली ओढला आणि पोलिसांना फोन लावला.

त्या वेळी बरोबर खालच्या घरात, दुसऱ्या मजल्यावर, पावकाका कामावरून येऊन पाय धूत होते.

पावकाका हे नाव पोरांनी ठेवलेलं. ते एका मोठ्या बेकरीत भट्टीवर रात्रपाळी करत. संध्याकाळी सगळी इमारत घरी परतायची तेव्हा हे डबा घेऊन निघायचे, आणि सकाळी सगळे कामाला बाहेर पडायचे तेव्हा हे अंगाला मैद्याचा वास घेऊन जिना चढायचे. पिशवीत वेडेवाकडे, विकायला न जाणारे पाव असत. जिन्यात भेटेल त्या पोराच्या हातावर एक ठेवत वर यायचे. घरात दोघंच. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, आणि काकू कोपऱ्यावरच्या लाँड्रीत काउंटरवर बसायच्या. त्यामुळे भर दिवसा इमारतीत पडदे ओढून झोपलेला माणूस एकच होता.

दुपारी पोलीस शिपाई दारं वाजवत दुसऱ्या मजल्यावर आला.

"वरच्या घरातलं काही कानावर आलंय का? भांडण, रडारड, मारझोड?"

"मी दिवसा झोपलेला असतो, साहेब. रात्री कामावर."

"म्हणजे काहीच नाही."

"झोपलेला माणूस काय ऐकणार?"

शिपायाने तेवढं लिहून घेतलं. पावकाकांनी सही केली आणि परत आडवे झाले. खोटं बोलतोय असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

इमारतीत त्या दिवशी सगळ्यांचे जबाब साधारण असेच झाले. वरचा माणूस भला होता, यावर एकमत होतं. त्याला सगळे गाडीवाला म्हणत. कुणाचा सिलिंडर वर चढवायचा असो, कुणाचं कपाट खाली न्यायचं असो, गाडीवाला हाकेसरशी हजर. बायको अबोल, कपड्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी. मुलगा तिच्या आधीच्या संसारातला, आणि तीन वर्षांची मुलगी, ठमी, दोघांची. मुलगा बुजरा होता, एवढंच लोकांना सांगता आलं. जिन्याच्या मधून तो कधी चालला नाही. भिंतीला अंग घासत, पटापट, खाली बघून जायचा. म्हणून पोरांनी त्याला मुंगळा म्हणायला सुरुवात केली आणि मोठ्यांनीही हसून तेच उचललं. पावकाकांनी दिलेला पाव तो तिथे खात नसे. सदऱ्याच्या आत घालायचा आणि निघायचा.

दोन दिवसांनी शवविच्छेदनाचा अहवाल आला आणि गाडीवाल्याला अटक झाली. अंगावरच्या जखमा एका दिवसाच्या नव्हत्या. भरत आलेल्या जखमांवर नव्या जखमा होत्या. मूल उपाशी होतं. आठवड्याने आईलाही अटक झाली. महिनाभरात ती जामिनावर सुटली. मी कामावर असायचे, माझ्या माघारी काय चालायचं ते मला ठाऊक नव्हतं, असं तिने पहिल्यापासून सांगितलं होतं. ठमीला बालगृहात ठेवलं होतं. सुटल्या सुटल्या आईने अर्ज केला, मुलगी माझ्या ताब्यात द्या. ती राहणार कुठे, तर दिराच्या घरी. आणि गाडीवाल्याच्या जामिनासाठी धावपळ करत होता तोही हाच दीर.

हे सगळं पावकाकांना कळलं ते काकूंच्या तोंडून. लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी काकू पेपर मोठ्याने वाचत आणि काका चहात पाव बुडवत ऐकत.

"हे बघा, आपल्या इमारतीचं परत आलंय," काकू म्हणाल्या. "शेजाऱ्यांना पत्ताच नव्हता म्हणे. वा! आम्हाला कुणी विचारलं होतं?"

"विचारलं की. तो शिपाई आला नव्हता का?"

"तुम्हाला विचारलं. तुम्ही काय, कुंभकर्ण." काकूंनी पुढे वाचलं. "मुलाला दिवसदिवस बाथरूममध्ये कोंडून ठेवत असल्याचा पोलिसांना संशय आहे. बाथरूमच्या दाराला बाहेरून नवी कडी बसवलेली..."

काकू थांबल्या. काकांच्या हातातला पाव चहात विरघळून खाली पडला होता आणि ते तसेच बोटं धरून बसले होते.

"काय झालं?"

"तो पाइप," काका म्हणाले.

पाइपाची गोष्ट इमारतीबाहेरच्या माणसाला सांगावी लागते. पाणी सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर यायचं. तळमजल्यावर पंप, आणि तिथून एक जाड लोखंडी पाइप सगळ्या घरांच्या बाथरूमच्या कोपऱ्यातून थेट गच्चीपर्यंत गेलेला. खालच्यांनी नळ सोडले की वरच्यांना पाणी चढेना. मग वरचा पाइपावर ठोकायचा. त्याचा अर्थ, नळ बंद करा, आम्हाला येऊ द्या. खालच्याची बादली भरायची असेल तर तो एकदा ठोकून उत्तर द्यायचा: थांबा. प्रत्येक बाथरूममध्ये पाइपाशेजारी त्यासाठी काहीतरी टांगलेलं असे. कुणाकडे जुना चमचा, कुणाकडे दाराची मोडकी कडी. पावकाकांकडे लोखंडी पाना होता. नव्या भाडेकरूला घराच्या किल्लीच्या आधी ही भाषा शिकवली जायची. इमारतीतली पोरं बोलायला लागायच्या आधी पाइप वाजवायला शिकतात, अशी पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई थट्टा करत.

त्या वर्षाच्या सुरुवातीपासून तिसऱ्या मजल्यावरून पाइप भलत्या वेळी वाजू लागला. दुपारी, पंप बंद असताना. आवाज बारीक असायचा, प्लास्टिकच्या मगाने मारल्यासारखा. पावकाका झोपेतून वैतागून उठायचे. आता कुठलं पाणी मागताय, असं पुटपुटत बाथरूममध्ये जायचे आणि पाना एकदा आपटायचे. थांबा. वर थोडा वेळ शांतता. मग परत टकटक. परत थांबा. एकदा त्यांनी रागाने पाचसहा वेळा दणके घातले तेव्हा शिकवणीच्या बाईंनीही खालून चमचा वाजवला, आणि आणखी कुणीतरी त्यात भर घातली. सगळा पाइप घणघणला. वरचा आवाज बंद झाला. काका समाधानाने झोपले.

तरी दोन दिवसांनी पुन्हा सुरू. मग काका चेअरमनकडे गेले.

चेअरमन विमा कार्यालयातून निवृत्त झालेले. घरातसुद्धा सूचनाफलकाच्या भाषेत बोलायचे. "पाइपाचा अवेळी वापर ही गंभीर बाब आहे," ते म्हणाले. "मी संबंधितांना समज देतो." आणि खरोखर त्याच संध्याकाळी ते तिसऱ्या मजल्यावर गेले. गाडीवाल्याने त्यांना खुर्ची दिली, सरबत दिलं. पोरगं खोडकर आहे, मी बघतो, परत तक्रार येणार नाही, असं म्हणाला.

परत तक्रार आली नाही. पाइप वाजायचा थांबला. चेअरमननी पुढच्या बैठकीत त्याचा उल्लेख केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि पावकाकांनी चेअरमनच्या घरी पाव पाठवले.

"त्यानंतर किती दिवसांनी ते..." काकूंनी वाक्य अर्धवट सोडलं.

"तीनेक आठवडे."

"अहो, पाणी मागत असेल हो तो."

काकांनी कप बाजूला सारला. म्हणाले, "मी थांब म्हणत होतो."

काकूंनी पेपराची घडी घातली, उलगडली, परत घातली. रडल्या नाहीत. त्यांना आधी राग आला. "आणि त्या शिपायाला काय सांगितलंत? झोपलेलो होतो?"

"झोपलेलोच होतो."

"पाना काय झोपेत आपटत होतात?"

त्या संध्याकाळी काका कामावर गेले तेव्हा त्यांच्या हाताला ओव्हनचा पत्रा लागला. इतक्या वर्षांत त्यांना असं भाजलं नव्हतं. रात्रभर पाव भाजता भाजता ते पाइप वाजलेल्या दुपारी आठवत होते, आणि पहाटेकडे त्यांना तो बुधवार आठवला.

बेकरीची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी रात्री असे, म्हणून बुधवारी काका जागे असत. कपड्यांच्या कारखान्यालाही बुधवारी सुट्टी. त्या बुधवारी अकराच्या पुढे काका खालून बिड्या घेऊन येत होते आणि मुलाची आई भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होती. "आज सुट्टी वाटतं?" काकांनी विचारलं. "हो ना काका, आठवड्याचे कपडे पडलेत," ती म्हणाली. ती वर गेली, दार लागलेलं काकांनी ऐकलं. आणि मग दुपारी पाइप वाजला होता. ते अंथरुणात नव्हते, दाढी करत होते. साबण लागलेल्या हातानेच त्यांनी पाना मारला होता.

म्हणजे ती घरात होती. माझ्या माघारी, असं ती जे म्हणत होती, ते निदान त्या दिवशी खरं नव्हतं. काकांना कायदा कळत नव्हता, पण ठमीला कुणाच्या हाती द्यायचं हे ज्यावरून ठरेल अशी एक गोष्ट आपल्याजवळ आहे आणि ती दुसऱ्या कुणाजवळ नाही, एवढं त्यांना कळलं.

सकाळी घरी न जाता ते पोलीस ठाण्यात गेले. तपास करणाऱ्या फौजदारबाई तरुण होत्या, सर्दीने बेजार होत्या, आणि त्यांच्या टेबलावर अशा बऱ्याच फायली होत्या. त्यांनी काकांचं सगळं मधे न बोलता ऐकलं.

"हे तुम्ही पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"

"ते ऐकणं होतं हे मला कळलं नव्हतं, मॅडम. मला वाटलं, पाण्याचं आहे."

बाईंनी नाक पुसलं. "जबाब घेते मी. पण एकट्याच्या जबाबावर भागायचं नाही. आणखी कुणी ऐकलंय?"

"शिकवणीच्या बाईंनी ऐकलंय. चेअरमन तर वर जाऊन बोलून आलेत."

"त्यांना तयार करा. आणि मी येऊन बघते, वरून मगाने ठोकलं तर खाली ऐकू येतं का. पंच घेऊन, रीतसर. पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात फौजदारबाईंना कुठल्याशा बंदोबस्ताला पाठवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

इकडे काका शिकवणीच्या बाईंच्या दारात उभे राहिले. आत मुलं पाढे म्हणत होती. बाई उंबऱ्यातूनच बोलल्या.

"पाइप काय, रोजच वाजतो, काका. कुठला कधी वाजला हे कसं सांगणार?"

"तुम्ही खालून चमचा वाजवला होतात. मी वरून ऐकला."

"मी?" बाईंनी दार मागे ओढून घेतलं, मुलांना ऐकू जाऊ नये म्हणून. आवाज उतरला. "काका, माझ्याकडे लोक पोरं पाठवतात. उद्या कोर्टात मी सांगू, की मूल ठोकत होतं आणि मी गप्प बस म्हणून चमचा आपटला? कोण पाठवेल मग?"

"माझंही तेच आहे, बाई."

"तुमचे पाव काय, कुणीही खाईल," बाई म्हणाल्या. आणि लगेच, "वाईट वाटून घेऊ नका. मला झोप लागत नाही हो रात्रीची." त्यांनी दार लावून घेतलं.

चेअरमननी काकांना बसवून घेतलं. "तुमची भावना मी समजू शकतो. परंतु मी त्या घरी गेलो तो पाइपाच्या गैरवापराबाबत. मुलाचा विषयच निघाला नाही."

"पोरगं खोडकर आहे, बघतो, असं तो म्हणाला ना?"

"तसं काहीतरी म्हणाला असेल."

"आणि त्याने बघितलं."

आत सूनबाई नातवाला भरवत होत्या, तिकडे चेअरमननी एकदा पाहिलं. मग त्यांचा चेहरा परत सूचनाफलकासारखा झाला. "मी काय करायला हवं होतं ते सांगा मला. तक्रार तुमची होती. मी तक्रारीचं निवारण केलं."

तक्रार काकांचीच होती.

गुरुवारी सकाळी काका कामावरून आले तर इमारतीच्या दारात लोखंडी पाइपाचे तुकडे रचलेले. दोन माणसं जिन्यातून आणखी तुकडे उतरवत होती आणि भिंतीला पांढरे प्लास्टिकचे नवे पाइप टेकवून ठेवले होते.

"हे काय चाललंय?"

"पाइप बदलतोय," त्यातला एक म्हणाला. "सडलेला होता पार. सरका जरा, काका, लागेल."

"थांबवा. पोलीस येणार आहेत बघायला."

"पाइप बघायला पोलीस?" दोघं हसले. "साहेबांना विचारा. आमचं काम रोजावर आहे."

गळणारा पाइप बदलायचा ठराव आदल्या वर्षीचा होता, हे खरं. चेअरमननी तो काढून दाखवला, त्यावर खुद्द पावकाकांचीही सही होती. कंत्राटदाराला निरोप मात्र त्या महिन्यात गेला. तो कुणी मुद्दाम धाडला, की गळतीने तळमजल्याची भिंत खरोखरच ओली झाली होती म्हणून गेला, हे आजही सांगता येत नाही. भिंत ओली होती.

काकांनी फौजदारबाईंना फोन लावला. तीनचार वेळा लावल्यावर त्या सापडल्या.

"तुकडे जप्त करा, मॅडम. इथेच पडलेत."

पलीकडून गाड्यांचा, शिट्ट्यांचा आवाज येत होता. "करीन हो. पण काका, तुकड्यांतून आवाज कुठून कुठे जाणार?"

शेवटी त्या आल्या. पंच आले. चेअरमनकडच्या किल्लीने वरचं घर उघडून एक शिपाई बाथरूममध्ये गेला आणि त्याने मगाने नव्या पाइपावर ठोकलं. खाली काकांच्या बाथरूममध्ये बाई, पंच आणि काका कान देऊन उभे होते. काहीच ऐकू आलं नाही. "जोरात," बाई ओरडल्या. शिपायाने जोरात ठोकलं. प्लास्टिकमधून ठप्प असा अगदी हलका आवाज आला, तोही एका पंचाला ऐकू आला आणि दुसऱ्याला नाही. तसं लिहिलं गेलं.

"पूर्वी अख्खी इमारत घणघणायची," काका म्हणाले.

"मला माहितीये," बाई म्हणाल्या. "मी विश्वास ठेवते तुमच्यावर. पण माझ्या विश्वासाला कोण विचारतं?"

ठमीच्या ताब्याची सुनावणी एका छोट्या खोलीत होती. न्यायाधीश बाई, दोन वकील, बालगृहातर्फे एक कार्यकर्ती, आणि मुलाची आई. ती आणखी वाळली होती. काका साक्षीला उभे राहिले तेव्हा तिने मान वर केली नाही.

तिच्या वकिलाचा आवाज मऊ होता. "घटनेच्या दिवशी तुम्ही पोलिसांना सांगितलंत की मी झोपलेला असतो, काही ऐकलं नाही. बरोबर?"

"हो. पण..."

"नुसतं हो म्हणा. मुलाचं रडणं कधी ऐकलंत?"

"नाही."

"मारण्याचा आवाज?"

"नाही. पाइपाचा ऐकला."

"पाइप कोण वाजवतंय हे पाहिलंत?"

"पाहणार कसं? मी खाली."

"म्हणजे घरातलं कुणीही असू शकेल. आईसुद्धा. पाणी येत नाही म्हणून."

"पंप बंद होता. तेव्हा पाणी कुणालाच येत नाही. मोठ्या माणसाला ते माहीत असतं."

"पण तुम्हाला तर पाण्यासाठीच वाटलं. तुम्ही उत्तरही दिलंत. थांबा म्हणून." वकिलाने हातातला कागद उलटला. "आवाज मदतीसाठी आहे असं जर तुम्हाला, रोज ऐकणाऱ्याला, वाटलं नाही, तर ते आईला वाटायला हवं होतं असं तुमचं म्हणणं आहे का?"

काकांनी न्यायाधीश बाईंकडे पाहिलं. त्या लिहीत होत्या. सरकारी वकील उठला आणि आक्षेप घेऊ लागला, पण प्रश्न खोलीत बसून राहिला होता. "ती आत होती," काका म्हणाले. "मी बाहेर होतो. तिला दार दिसत होतं."

तेही लिहिलं गेलं. त्यावर वकिलाने विचारलं, त्या बुधवारी मुलाची आई दुपारी परत बाहेर पडली नाही, हे तुम्ही शपथेवर सांगू शकता का? काकांनी खूप आठवलं. दाढी, साबण, पाना. आपण दारात उभे नव्हतो. "शपथेवर नाही," ते म्हणाले.

बाहेर बाकावर काकू डबा घेऊन बसल्या होत्या. काका त्यांच्याजवळ पोचायच्या आत मुलाची आई आडवी आली. एवढ्या जवळून त्यांनी तिला जिन्यातही पाहिलं नव्हतं. तिच्या भुवईवर एक जुनी खूण होती.

"काका, ठमीला तुम्ही पाव द्यायचात ना?"

"द्यायचो."

"तिला येऊ द्या माझ्याकडे. एवढंच राहिलंय मला."

"दिराच्या घरी नेणार तिला? त्या माणसाच्याच भावाच्या घरी?"

"मग कुठे नेऊ? कोण ठेवून घेतं?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुम्ही सगळे खालीच होतात, काका. मी कडी काढली असती तर तुम्ही कुणी वर आला असतात?"

काकांना वाटलं, हो म्हणावं. हो म्हणण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं. तिचा वकील आला आणि तिला खांद्याला धरून घेऊन गेला.

"काय म्हणत होती?" काकूंनी विचारलं.

"काही नाही."

"तिला माहीत होतं का हो?"

"मला काय माहीत," काका म्हणाले. मग म्हणाले, "होतं." मग बसची वाट पाहताना म्हणाले, "तिलाही मारत असेल तो." काकूंनी डबा उघडला, पण दोघांनी काही खाल्लं नाही. काकांना त्या संध्याकाळी कामावर जायचं होतं, आणि ते गेले.

चेअरमनना समन्स निघालं होतं, ते आजारपणाचा दाखला देऊन आले नाहीत. शिकवणीच्या बाईंना पोलिसांनी पुन्हा विचारलं, त्यांनी आठवत नाही असं सांगितलं. गाडीवाल्याचा जामीन एकदा फेटाळला गेला आहे, वरच्या न्यायालयातला अर्ज प्रलंबित आहे. खटला उभा राहायला आणखी वेळ लागेल, असं सरकारी वकील सांगतात.

ठमीबाबतचा निर्णय न्यायाधीशांनी राखून ठेवला आहे. तोवर आईने दर शनिवारी बालगृहात, कार्यकर्तीच्या समोर, दोन तास मुलीला भेटावं असा अंतरिम आदेश आहे. काका आणि काकूंनीही भेटीची परवानगी मागितली होती. नात्यातले नसल्यामुळे ती मिळाली नाही. मागच्या शनिवारी आई वेळेवर आली. ठमी तिच्या मांडीवर जाऊन बसली आणि निघताना रडली नाही, असं कार्यकर्तीच्या अहवालात आहे. त्यावर दोन्ही वकिलांचं म्हणणं न्यायालयाने मागवलं आहे. पुढची तारीख अजून लागलेली नाही.